जमिनीला कान लावणारा

लढाईची वर्षं होती. राहुरीकडच्या आमच्या रानात विहिरीची जागा दाखवायला तो आला. जन्मभर त्यानं विहिरी खणल्या होत्या. एकीची दरड कोसळून थोरला भाऊ आत गाडला गेला, तेव्हा पन्नाशीत त्यानं पहार टाकली आणि पाणाड्या झाला. पण पाणी शोधणाऱ्या इतरांसारखा हातात नारळ नाही की काठी नाही. पागोटं काढून जमिनीला कान लावायचा आणि हळूच विचारायचा, “दादा, पानी हाय का?”

आमच्याकडे तो बराच वेळ तसाच पडून राहिला. मग उठून वडलांना म्हणाला, “मालक, कायतरी बोला.”

“काय बोलू?”

तो दचकला. “पानी लई हाय. पन हितं खनू नका. खाली दादासंगं आनखी एक जन बोलतोय. ह्योच आवाज.”

विहीर आम्ही खणली नाही. वडील मात्र त्या रानात पुढं कायम कुजबुजतच बोलले.