राणीचे गाल आणि डोंगरी हवेचं यंत्र

ऑक्टोबर १९५६, दिवाळीच्या तोंडावरचा रविवार, सकाळ.

हजर: आई, बाबा, आत्या, मी आणि टेबलावर घूंघूं करणारं डोंगरी हवेचं यंत्र. गैरहजर: बाबांच्या गालांवरची कातडी. ती बरीचशी उशीच्या अभ्र्यावर होती.

खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात बाबा आरशासमोर उभे राहून हसून बघत होते. हसले की "आई गं" म्हणत होते. आई स्वयंपाकघरातून ओ देत होती, कारण बाबा तिलाही "आई"च म्हणत.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. कचेरीतली मराठी मंडळी दरवर्षी नाटक बसवत आणि त्यात राणी बाबाच असत. बाकी सगळीकडे बायका स्टेजवर येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण आमच्या मंडळापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. त्या वर्षी आमचं मध्यभारत राज्य जाऊन नवा मध्यप्रदेश होणार होता, कचेऱ्या नव्या राजधानीला, भोपाळला निघाल्या होत्या, अर्धं मंडळ बांधाबांधीत होतं. म्हणजे हे शेवटचं नाटक. हेडक्लार्क नाटक लिहीत, तेच बसवत आणि राजाही तेच होत. त्यांनी बाबांना बजावलं होतं, "राणी तुम्हीच. पण रविवारच्या रंगीत तालमीत चेहरा बघून पक्कं करू. नवा टायपिस्ट आलाय, त्याला अजून धड मिसरूडही नाही."

बाबांची चाळिशी उलटली होती. शेजाऱ्याच्या नव्या सायकलीबद्दल बोलावं तसं ते त्या टायपिस्टाच्या गालांबद्दल बोलू लागले.

यंत्र आणलं शेजारच्या काकांनी. तेही भोपाळला निघाले होते. कोणा सरदारांच्या घरचं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी ती लाकडी पेटी उचलली होती. विजेला लावली की आतल्या पत्र्यांमध्ये जांभळट उजेड दिसे आणि जवळपास वीज पडल्यावर येतो तसा तिखट वास सुटे. त्या वासाच्या हवेचं नाव ओझोन, असं पेटीवर लिहिलं होतं.

"एकदम पहाड की हवा! मेमसाहेब लोक समोर बसायच्या," काका म्हणाले. "गाल बघा, सफरचंद होतात की नाही. माझं सामान निघेल तेव्हा घेऊन जाईन."

बाबा रोज कचेरीतून आले की पेटीला नाक टेकवून बसत. राणीचा टोपही ताजा व्हावा म्हणून पेटीवरच ठेवत. आत्यानं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. "घरची चांगली हवा दाल बाजारापर्यंत फुकट वाटायची आहे का?"

आधी बाबांचे गाल ताणल्यासारखे झाले. बाबा म्हणाले, सुरकुत्या जाताहेत. मग लाल झाले. ते म्हणाले, सफरचंद. मग खाज सुटली, पापुद्रे निघाले. त्यावर "जुनी कातडी जातेय, आतून नवी येणार." आईचा घसा खवखवत होता, माझे डोळे चुरचुरत होते. आत्या चुलीपाशी, पेटीपासून लांब बसायची. तिला काहीच झालं नाही, आणि ती ते सगळ्यांना सांगत होती.

त्या रविवारी बाबांनी टोप चढवला आणि मागचं इलॅस्टिक तटकन तुटलं. नाटकातलं सामान सांभाळायचं काम माझं. इलॅस्टिक मी स्वतः, आदल्याच आठवड्यात, नवं कोरं घातलं होतं. हातात घेतलं तर त्याला भेगा. पेटीमागच्या खिळ्यावर टांगलेली शेकायची रबरी पिशवी बघितली, तिलाही भेगा. आत्याच्या ट्रंकेतलं जुनं इलॅस्टिक मात्र शाबूत. मी कॉलेजचं रसायनाचं पुस्तक काढलं. ओझोन: रंग उडवतो, रबर खराब करतो.

"बाबा, हे यंत्र रबर खातंय. तुमचे गाल काय सोडणार?"

"माझे गाल रबराचे आहेत का?"

"नाटकात ताणतोस तर तसेच," आत्या म्हणाली.

मी यंत्र बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. मग बाबांचं तोंड नुसत्या कोमट पाण्यानं धुतलं, साबण नाही, वर खोबरेल. आत्या बेसन घेऊन आली होती, तिला परत पाठवलं. दुपारी बाबांना फूलबागेत फिरवून आणलं, फुकटच्या हवेत.

संध्याकाळी तालमीला खोबरेलावर पावडर बसेना, बसली ती चुन्यासारखी. टायपिस्ट कोपऱ्यात लुगडं नेसून तयार होता. बाबांनी ओठ हलवले की गाल चरचरत, म्हणून त्यांनी सगळं नाटक चेहऱ्याची रेघ न हलवता म्हटलं. लाडिक मुरके नाहीत, मान वेळावणं नाही. दरबाराच्या प्रवेशात राजानं विनोद केला तेव्हाही राणी दगडासारखी बघत राहिली.

हेडक्लार्क मुकुट काढून म्हणाले, "अहो, हा करारीपणा इतकी वर्षं कुठे ठेवला होता? राणी पक्की!"

बाबांना आनंदानं हसू आलं आणि ते ओरडले, "आई गं!"

"हे वाक्यही ठेवा," हेडक्लार्क म्हणाले.

प्रयोगापर्यंत गाल पुष्कळ निवले होते, पण बाबा धोका नको म्हणून हसले नाहीत. नाटक उत्तम झालं.

आता, मी पन्नाशीला आल्यावर, वर्तमानपत्रांत ओझोनबद्दल बरंच येतं. आकाशात उंचावर तो हवा, तिथे तो कडक उन्हापासून कातडी वाचवतो. खाली नको. गाड्यांच्या धुरावर ऊन तापलं की तो खालीही तयार होतो आणि कातडीवरच्या तेलकट अस्तरालाच आधी भिडतो. अस्तर गेलं की ओलावा टिकत नाही, मग खाज आणि पापुद्रे. आमच्याकडे तो धुराशिवाय, दारंखिडक्या लावून, हौसेनं तयार झाला होता. बाहेरचा तो टाळायला मी उन्हाळ्यात दुपारची बाहेरची कामं सकाळी उरकते आणि घरी आल्यावर तोंड धुते.

काकांचं सामान प्रयोगाच्या दिवशीच भोपाळला गेलं. "यंत्र राहू द्या, पुढच्या खेपेला नेतो," असं ते टांग्यातून ओरडले. पुढच्या खेपेला त्यांना मुलीचं लग्न होतं, त्याच्या पुढच्या खेपेला गुडघे. आता त्यांचा मुलगा पत्रात लिहितो, "ताई, तुम्हीच ठेवा, आपका ही है." मी त्याला कळवलं आहे की दुसऱ्याची वस्तू मी ठेवत नाही. पेटी सुतळीनं बांधून, वर पत्ता लिहून माळ्यावर तयार आहे. भोपाळला जाणारं कोणीतरी गाठायचं आहे, आणि त्याला आधी सांगायचं आहे की वाटेत ही विजेला लावू नको.