चौथा फर्मा

माझी मामी बावीस वर्षं पुस्तकं शिवते आणि एकही वाचत नाही. "शिंपी काय गिऱ्हाइकांचे कपडे घालून हिंडतो?" असं म्हणते. ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या खोलीत तिचा पसारा: खळीचं पातेलं, दाभण, पुठ्ठे, सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि एक खुर्ची, जिच्यावर कायम पुस्तकंच बसलेली. धंदा खरा मामाचा. पण त्याच्या हाताला धीर नव्हता. लग्नानंतर वर्षभरात सुई मामीकडे आली आणि चहा मामाकडे गेला. तिच्या हातून आजवर एक पान गहाळ झालेलं नाही, हे मामाच सगळ्यांना ऐकवतो.

म्हणून ग्रंथपालबाई परवा आत येऊन दबक्या आवाजात बोलू लागल्या तेव्हा मामीला काही उमजेना.

"मुलांच्या कपाटातलं ते विहिरीचं पुस्तक शिवायला आलंय ना? त्यातला चौथा फर्मा राहू द्या."

"राहू द्या म्हणजे?"

"शिवू नका. आपले दातांचे डॉक्टर तक्रार घेऊन आलेत. त्यांची मुलगी ते वाचून तीन रात्री झोपली नाही. पुस्तकच काढून टाका म्हणतात. म्हटलं, सोळा पानं गेली तर पुस्तक तरी वाचेल."

"माझ्या हाताने पानं गाळू?"

"संध्याकाळपर्यंत ठरवा," म्हणून बाई निघून गेल्या.

मामीने चष्मा चढवला आणि बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पहिल्या पानापासून वाचायला बसली. गोष्टीतली मुलगी भावाला शोधायला कोरड्या विहिरीत उतरते. खाली माणसांचे आवाज गिळणारी बाई राहते. खळ वाळली. मामा चहा घेऊन आला तर मामी "श्श!" म्हणाली. थोड्या वेळाने, "जरा इथेच बसा ना," असंही म्हणाली.

दुपारी डॉक्टर स्वतःच उगवले. पानं खरंच निघतात की नाही, बघायला.

"या," मामी म्हणाली. "दिवसभर पोरांच्या तोंडात सुया खुपसता आणि पुस्तकातल्या बाईला घाबरता होय?"

"मी नाही, मुलगी घाबरते! आठ वर्षांची आहे. असलं भयंकर लिहावंच कशाला मुलांसाठी?"

"भयंकर आहे खरं. माझेही हातपाय गार पडले. तुम्ही वाचलंत?"

"चाळलं. आणि घेतलं तिच्या हातातून ओढून."

"तरीच पुस्तकाचा कणा मोडलाय. कुठल्या पानावर होती ती?"

"छप्पन्न की सत्तावन्न."

मामीने कपाळाला हात लावला. "डॉक्टर, चौसष्टाव्या पानावर ती पोर भावाला घेऊन वर येते. तुम्ही लेकीला विहिरीत ठेवून दोर ओढून घेतलात, आता तिला झोप कशी लागणार? आणि हा फर्मा मी गाळला, तर पुस्तक वाचणारं प्रत्येक पोर अठ्ठेचाळिसाव्या पानावर अंधारात उभं आणि पासष्टाव्यावर घरी दूध पीत बसलेलं. वर आलं कसं? लिफ्टने?"

मामा फसकन हसला. डॉक्टर हसले नाहीत. पण खुर्चीवरची पुस्तकं उतरवून तिच्यावर बसले आणि सुटा फर्मा हातात घेतला. वाचता वाचता त्यांनी पाय वर घेतले. एकसष्टाव्या पानावर इतके आवाज गिळून त्या बाईला उचकी लागते, तिथे ते एकदम खो खो हसले.

"हा एवढा घरी नेऊ? आज तिला वाचून दाखवतो."

"सोळा पानं मोजून देतेय, सोळा मोजून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीचं बोट धरून हजर. तिचे डोळे झोपेने छान सुजलेले.

"बाबांनी भीतीच्या जागी पटापट वाचलं," तिने मामीकडे तक्रार केली. "मी परत वाचायला लावलं. सावकाश."

मामीने सोळा पानं मोजली आणि फर्मा तिसऱ्या-पाचव्याच्या मध्ये ठेवून सुई ओवली. जुजबंदीची शिवण पुरी होईपर्यंत मुलगी टेबलाला हनुवटी टेकून उभी होती. दारातून ग्रंथपालबाईंनी विचारलं, "मग, कपाटात परत?" डॉक्टरांनी मान डोलावली.

"मामी, याच्याहून भीतीचं आहे का एखादं?" मुलगी म्हणाली.

"आधी मी वाचीन," डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

"नको बाबा, तुम्ही एकटे नका वाचू. मी बसते ना शेजारी."