आधी ज्वारी द्या, मग फ्लेक्स लावा

मंडळी, आज डोकं लई तापलंय, म्हणून लिहितेय.

मुरुमजवळच्या आमच्या गावात तीन चर्च मिळून एक धान्यकोठी चालवतात. रोज स्वयंपाकाआधी घरटी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी उपासनेला येताना आणायची. तिन्ही चर्चची ज्वारी एकाच पिंपात पडते. ज्याच्या घरात नसेल त्यानं न्यावी, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

आज बायका पिशव्या घेऊन उन्हात उभ्या, आणि तिन्ही चर्चचे पंच भांडतायत. कशावरून? नव्या फ्लेक्सवर कुठल्या चर्चचं नाव वर आलं! आधी फ्लेक्स लागणार, फोटो निघणार, मगच वाटप म्हणे.

पलीकडच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या गयामावशीनं पिशवीची घडी घातली. मला म्हणाली, "पोरी, भूक हाय गं, पण फोटोत न्हाय यायचं मला." आणि निघून गेली.

माझा तोल सुटला. पंचांना म्हणलं, "अण्णांनो, या पिंपातली आपापल्या चर्चची ज्वारी तेवढी वेगळी काढून दाखवा, मग नाव वर टाका!" तोच फ्लेक्स मी उलटा अंथरला, त्यावर पिंप रिकामं केलं आणि वाटायला बसले.

नंतर ज्वारी घेऊन मावशीकडं गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातांकडं बघत म्हणाली, "मोबाईल न्हाय न्हवं आणलास?"

देताना फोटो काढणाऱ्यांनो, तिला काय उत्तर देऊ?