धावपट्टी रिकामी नव्हती

मला एटीसी अधिकारी म्हणून ज्या तळावर पोस्टिंग मिळालं, तिथे हवाई दलाची लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरत. एका बाजूला आमचे हँगर, पार दुसऱ्या टोकाला प्रवाशांची छोटी इमारत. टॉवरमध्ये बसून या सगळ्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, हे माझं काम. ते चोख झालं की काहीच घडत नाही, त्यामुळे ते कुणाला दिसतही नाही. शहाडला आमच्या शेजाऱ्यांना अजून वाटतं की मी एअरपोर्टवर अनाउन्समेंट करायचे. समजावून सांगणं मी सोडून दिलंय.

फ्लाइट लेफ्टनंट सुजित म्हात्रे तिथला फायटर पायलट. मानपाड्याचा. पहिल्याच दिवशी मेसमध्ये त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कल्याणच्या ना?"

"शहाड."

"एकच की हो. एक स्टेशन पुढे गेलात तर लगेच वेगळ्या झालात?"

अशी थट्टा त्याची रोज चाले. ग्रुप कॅप्टनपासून कूकपर्यंत कुणाशीही तो वाद घालू शके. रेडिओवर मात्र एक शब्द जास्त बोलत नसे.

प्रवासी विमानांच्या पायलटांना एक सवय लागली होती. धावपट्टीच्या मध्यावर बाहेर पडायचा एक रस्ता होता, त्याला आम्ही चार्ली म्हणत असू. पण तिथून त्यांच्या इमारतीपर्यंत वळसा पडायचा. म्हणून ते जोरात ब्रेक न लावता विमान सरळ टोकापर्यंत पळू देत. मागे कुणी नसलं की आम्हीही काही बोलत नसू. मीटिंगमध्ये मी हा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळा चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

त्या दिवशी दुपारी एक प्रवासी विमान उतरत होतं. त्याच्या मागे सुजित सरावावरून परतत होता; रेडिओवर त्याचं नाव डायमंड टू. वाटेतलं धुळीचं वादळ टाळताना त्याला मोठा वळसा पडला होता.

"टॉवर, डायमंड टू. मिनिमम फ्युएल."

म्हणजे एकदा उतरता येईल, दुसऱ्या फेरीची खात्री नाही. पुढचं विमान तोवर जमिनीला टेकायच्या बेतात होतं. ते चार्लीनं बाहेर पडलं तर दोघांमधलं अंतर पुरेसं होतं. मी त्याला सांगितलं, "व्हेकेट व्हाया चार्ली. ट्रॅफिक बिहाइंड, मिनिमम फ्युएल."

"व्हाया चार्ली," त्याच्या कॅप्टननं उत्तर दिलं.

विमान टेकलं. चार्ली आलं आणि विमान त्याच वेगात पुढे निघून गेलं.

"आय सेड चार्ली."

"सॉरी टॉवर, मिस्ड इट. व्हेकेटिंग अ‍ॅट द एंड."

आवाजात कसलीही घाई नव्हती. आजही तो आवाज आठवला की माझं डोकं फिरतं.

लढाऊ विमान फार वेगात उतरतं आणि त्याला थांबायला जवळजवळ सगळी धावपट्टी लागते. आणि पुढे विमानभर माणसं होती, मुलाबाळांसकट.

"डायमंड टू, गो अराउंड."

"गोइंग अराउंड."

बस, एवढंच. इंधनाचा काटा त्याच्या डोळ्यांसमोर होता, तरी तो न उतरता पुन्हा वर गेला. टॉवरवरून पुढे जाऊन त्यानं वळण घेतलं. वळसा अर्धा झाला असेल.

"टॉवर, फ्लेमआउट."

"इजेक्ट," मी म्हणाले. "इजेक्ट, इजेक्ट."

इंजिन बंद पडलं तेव्हा त्याच्या खाली गावचा बाजार होता. त्यानं आधी विमानाचं तोंड कोरड्या नाल्याकडे वळवलं, मग उडी घेतली. पॅराशूट उघडायला जेवढी उंची लागते, तेवढी राहिली नव्हती.

प्रवासी तेव्हा विमानातून उतरत होते. धूर दिसला तसे मोबाइल वर झाले. एकानं आमच्या जवानाला विचारलं, बॅगा कधी येणार?

कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं माझा हुकूम योग्य ठरवला. पायलटचा इंधनाचा अंदाज चुकला, असंही ठरवलं. चार्लीबद्दल, यापुढे काळजी घ्यावी, एवढंच. काही दिवसांनी त्या प्रवासी विमानाच्या कॅप्टनचा तोच आवाज पुन्हा रेडिओवर आला. "गुड आफ्टरनून, टॉवर." मी त्याला सुखरूप उतरवलं. पगार त्याच कामाचा मिळत होता.

नोकरी संपवून घरी आल्यावर मी मानपाड्याला सुजितच्या वडिलांकडे गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले.

"पेपरान आलता, त्याचा अंदाज चुकला," ते म्हणाले. "त्यानी चूक केली का गो?"

"नाही काका. धावपट्टी रिकामी नव्हती. पुढच्या विमानात माणसं होती. मी त्याला वर जायला सांगितलं. इंधन संपत आलंय हे त्याला माहीत होतं, तरी तो गेला."

"तू सांगितलास, नि त्यानी लगेच आयकला?"

"लगेच."

त्यांनी भिंतीवरच्या युनिफॉर्ममधल्या फोटोकडे पाहिलं.

"घरान कदी कोनाचा आयकला नाय त्यानी."