एका नंबराची दोन पुस्तकं

अण्णा गेल्याची बातमी मला चिकपेटातल्या छापखान्यात कळली. सभेचं पत्रक मशीनवर चढलं होतं. वडिलांनी शेजारच्या कापडदुकानात फोन केला आणि दुकानदार दारात येऊन म्हणाला, "तुमचे थोरले अण्णा गेले म्हणे. लगेच बसवनगुडीला बोलावलंय." मी पत्रकं पुरी छापून घेतली आणि मगच निघालो. त्याची लाज आता पाच आठवड्यांनी वाटते... तेव्हा वाटली नव्हती.

अण्णा माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. परदेशी रहिवाशांची नोंद ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते कार्डं सांभाळायचे. आमचं घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरचं, घरात मराठी, दारात कन्नड. पण अण्णांच्या कपाटात चिनीही होती. गावात थोडे चिनी होते, कुणी दातांचे डॉक्टर, कुणी बूट शिवणारे. त्यांचं एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जाई, म्हणून कचेरीनं चिनी तार-खात्याचं, तारा पाठवताना वापरायचं पुस्तक धरलं होतं. त्यात प्रत्येक चिनी अक्षराला चार आकडी नंबर असतो; नावातल्या अक्षरांचे आकडे ओळीनं लिहिले की झाला त्या माणसाचा नंबर. नावाचं एक कार्ड, पत्त्याचं दुसरं, चौकशीचं तिसरं, आणि तिन्ही एकत्र बांधणारा तेवढा तो नंबर. अण्णा म्हणायचे, "नाव माणूस विसरतो, नंबर कपाट विसरत नाही."

मग चीनशी युद्ध झालं. वरच्या कचेरीतून पकडायच्या लोकांची यादी आली. यादीतला एक नंबर आमच्या चेनच्या कार्डाशी जुळला. चेन म्हणजे दंडूवर, कंटोनमेंटात, बुटांचं छोटं दुकान चालवणारा माणूस. जन्म इथलाच, चिनीपेक्षा कन्नड चांगली बोलणारा. त्याला राजस्थानातल्या नजरकैदेच्या छावणीत नेलं. बायकोला मात्र नेलं नाही, कारण तिचं कार्डच सापडलं नाही.

अण्णांनी दोन आठवडे यादी आणि कार्डं शेजारी ठेवून पाहिली. एका संध्याकाळी मला म्हणाले, "नंबर बरोबर आहे रे. पुस्तक वेगळं आहे." आमची कार्डं जुन्या पुस्तकावरून केलेली होती. यादी केली होती नव्या पुस्तकावरून. चीनमध्ये राज्य बदलल्यावर निघालेल्या त्या पुस्तकात कितीतरी अक्षरं दुसऱ्या नंबरांवर गेली होती. तेच आकडे जुन्या पुस्तकात चेनचं नाव सांगत आणि नव्या पुस्तकात दुसऱ्याच गावच्या कुणा व्यापाऱ्याचं. चेन त्या व्यापाऱ्याच्या जागी छावणीत बसला होता.

अण्णा साहेबांकडे गेले. घरी येऊन त्यांनी दोघांचे आवाज काढून दाखवले.

"राव, नंबर कधी चुकतो का? चुकतं ते नाव."

"साहेब, गल्ली न सांगता नुसतं घर नंबर बारा म्हटलं, तर पोस्टमननं कुठं जायचं?"

अण्णांचं मागणं एवढंच होतं, प्रत्येक कार्डावर 'जुनं' किंवा 'नवं' अशी खूण असावी. उत्तर आलं, फॉर्मात तसा रकाना नाही.

मी भडकलो. राजीनामा द्या म्हटलं, मी सगळं छापतो. अण्णा शांतपणे म्हणाले, "आणि कार्डं कोण बघणार, तू? तुझ्या परवाच्या पत्रकात मला बोंडा बांधून मिळाला. कागद बरा आहे, तेल चांगलं शोषतो." मी महिनाभर त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता असं माझं आजही मत आहे. माणूस गेला म्हणून मत बदलणं मला जमत नाही. पण मी 'साम्राज्य', 'दडपशाही' असे शब्द ठळक टाइपात लावत होतो, तेव्हा अण्णा एक रकाना मागत होते. माझ्या शब्दांचा सरकारला कधी त्रास झाला नाही. त्या रकान्याचा झाला.

काही महिन्यांनी साहेबांना अण्णांचं पटलं, आणि तेच जास्त वाईट झालं. सगळी कार्डं नव्या पुस्तकाप्रमाणे बदला असा हुकूम निघाला. चार तात्पुरते कारकून आले. खूण करायला परवानगी नव्हतीच. एकानं सकाळी बदललेली कार्डं दुसऱ्यानं दुपारी पुन्हा बदलली, कारण बदल झालाय की नाही हे कार्डाकडे पाहून कळायला काही मार्गच नव्हता. चेनचं कार्ड असंच दोनदा बदललं. आता त्यावरचा नंबर कुणाचाच नव्हता. चेनच्या सुटकेचा हुकूम निघाला, पण तो त्याच नंबरावर. छावणीनं कळवलं, असा इसम येथे नाही. अण्णा ते निस्तरायला पत्रावर पत्र धाडत असताना चेनला इतरांबरोबर मद्रासहून बोटीत बसवून चीनला पाठवलं. तो देश त्यानं कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर अण्णा दर रविवारी दंडूवर जात. दुकान आता चेनची बायको चालवते. "आमच्यात कार्ड हरवलेलेच नशीबवान," असं ती एकदा त्यांना म्हणाली होती. अण्णांनी दिल्लीला लिहिलं, मद्रासच्या बोट कंपनीला लिहिलं. पोच आली, उत्तर नाही. गेले तेव्हाही एक पत्र अर्धं राहिलं होतं.

त्यांचं कपाट आवरताना मला शाळकरी मुलांची असते तशी एक वही मिळाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत अण्णांनी गिरवलेली तीच तीन चिनी अक्षरं. नंबर कुठंच नाही. मी ती घेऊन दंडूवर गेलो. चेनच्या बायकोनं हात पुसले आणि एकेक पान उलटलं.

"हे पहिलं काही नाव नव्हे," ती म्हणाली. "नुसत्या काड्या आहेत. इथं... इथं स्वल्प जमलंय." शेवटच्या पानावर ती थांबली. "हे बरोबर आहे. हे आमच्या ह्यांचंच नाव."

मी वही तिथंच ठेवायला सांगितलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. दुकानात मागच्या भिंतीला एक फळी आहे. दुरुस्त होऊन पडलेले, कुणी न्यायला न आलेले बूट तिथं ठेवतात. तिनं दोन जोड बाजूला सारले आणि वही त्यांच्यामध्ये ठेवली.