कैसरचं उपोषण

ओक्का बेरेंट्सच्या स्वयंपाकघरात कैसर जेवत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. कैसर म्हणजे मासा. ऑस्कर जातीचा, काचेच्या टाकीत पाळतात तसला. ताटलीएवढा, काळा, अंगावर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे डाग, आणि चेहरा असा की समोरच्यानं न विचारताच माफी मागून मोकळं व्हावं. लेक दूर ओल्डेनबुर्ग शहरात राहायला गेली तेव्हा "थोडेच दिवस हं, आई," म्हणून टाकीसकट ठेवून गेली. थोडे दिवस काही संपले नाहीत. मासा मात्र वाढत राहिला.

ओक्काचं बालपण करंदी सोलण्यात गेलं होतं. कोळ्यांच्या होड्या गावच्या, ग्रीटझीलच्या, धक्क्याला लागल्या की घरोघरी टेबलावर करंदीचे ढीग पडायचे. एक पीळ, एक ओढ, की मांस वाडग्यात आणि साल बादलीत. पुढे विकायची करंदी घरी सोलायला स्वच्छतेच्या कायद्यानं बंदी आली, आणि इथली करंदी सोलून घ्यायला पार मोरोक्कोला जाऊन परत यायला लागली. "माझ्याहून जास्त फिरते मेली!" ओक्का म्हणायची. बोटांना काम उरलं नव्हतं. मग हा कैसर आला. ती धक्क्यावरून मूठभर करंदी आणायची, सोलायची आणि एकेक त्याच्या तोंडात द्यायची. माशांसाठीचे दुकानातले दाणे टाकले तर तो तोंडात घ्यायचा, चघळायचा, तिच्याकडे रोखून बघायचा आणि... थू!

हे असंच चाललं असतं. पण ओक्काचा गुडघा बोंबलला. डॉक्टर म्हणाले, बदलायचा. वर काही आठवडे व्यायामाच्या इस्पितळात मुक्काम. तिनं दोनदा तारीख पुढे ढकलली.

"आणि कैसर?" तिनं शेजारच्या फोल्कर्टला विचारलं. तो निवृत्त पोस्टमन, विधुर. दुपारचा चहा रोज तिच्याकडेच.

"दाणे टाकीन की."

"तो खात नाही दाणे. सोललेली करंदी लागते."

"मला सोलता येत नाही, बाई. माझी इल्झ होती तोवर ती सोलायची, मी खायचो."

"मग तो मरेल!"

"आणि तू जिन्यावरून पडून मरशील. आधी कुणाचा नंबर, ते ठरवा दोघं."

शेवटी त्यानं त्याल्डा पोपिंगाला बोलावलं. मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाची ती अध्यक्षा. आवाज असा की टाकीतलं पाणीसुद्धा सरळ उभं राहावं.

"उपाशी ठेव," त्याल्डा म्हणाली.

"अगं, पण..."

"पण नाही. एवढा दांडगा मासा आठवडाभर सहज काढतो. दाणे टाकायचे, नाही खाल्ले तर काढून घ्यायचे. करंदी बंद!"

करंदीची पिशवी फोल्कर्टच्या फ्रिजमध्ये रवाना झाली. उपोषण सुरू झालं. कैसरनं पहिल्याच दिवशी दाणे थुंकले, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी जाऊन चक्क कुशीवर आडवा झाला. एक डोळा वर. कल्ले अगदी सावकाश. मरणाचा प्रवेश असा रंगवला होता की ओक्काला रुमालाऐवजी भांडी पुसायचं फडकं डोळ्यांना लावावं लागलं.

"नाटक आहे," फोल्कर्ट म्हणाला, पण त्याचा चहा गार झाला.

आठवडा संपता संपता त्याल्डा तपासणीला आली. टाकीपुढे वाकली, चष्मा चढवला, उतरवला.

"हा उपाशी मासा? याला तर दुसरी हनुवटी आलीय!"

फोल्कर्टनं चहात साखर टाकली. टाकलेलीच होती, पुन्हा टाकली.

"ओक्का?"

"सकाळी..." ओक्का पुटपुटली. "एखादी. धक्क्यावरून आणून पावाच्या डब्यात लपवते. तो आडवा पडतो गं, बघवत नाही!"

"बघ! बघ!" फोल्कर्ट उसळला. "मी इथं पहारा देतोय आणि ही..."

"आणि तू, फोल्कर्ट?" त्याल्डानं मान वळवली.

त्याचे कान लाल झाले. "ही दुपारी वर जाऊन पडते ना... तेव्हा. थोडीशी."

"काय?" ओक्का किंचाळली. "आणि सोलली कुणी?"

"कुणीच नाही. तशीच टाकली."

"सालासकट?"

"पाय-मिशांसकट. कराकरा खातो."

ओक्का खुर्चीत बसली. "माझा कैसर? मी तर एकेक पाय निवडून..."

"मासा खाण्यात चोखंदळ नाहीच मुळी," त्याल्डा म्हणाली. "तू समोर असलीस की त्याला नखरे सुचतात. जा, बाहेर जा."

"मी? माझ्याच घरात?"

"जा!"

ओक्का लंगडत बाहेरच्या बोळकंडीत गेली. दार लोटलं. आत फोल्कर्टनं दाण्यांचा डबा खुळखुळवला. मग शांतता. मग पाण्यात एक डुब्ब. पुन्हा डुब्ब. लगोलग तिसरं.

तिला राहवेना. तिनं फट केली, डोकावली. कैसरनं तिला पाहिलं आणि जागच्या जागी, अख्खा दाणा गालात धरून, कुशीवर आडवा झाला.

त्याल्डा खो-खो हसत सुटली. फोल्कर्टनं हसू चहाच्या कपात लपवलं. ओक्का मात्र टाकीसमोर येऊन उभी राहिली, हात कमरेवर.

"मी दुखऱ्या पायानं धक्क्यापर्यंत जाते, आणि तू याच्या हातची सालं खातोस? ऊठ! मेलेला मासा चघळत नाही!"

कैसर चघळत राहिला.

ती ताडताड, म्हणजे गुडघा जितकं ताडताड चालू देईल तितकी, बोळकंडीतल्या फोनकडे गेली आणि इस्पितळाचा नंबर फिरवला.

"मोइन, नमस्कार! बेरेंट्स बोलतेय. हो, तीच, तारीख ढकलणारी. घरात माणूस आजारी आहे म्हणाले होते ना मी... काही आजारी नाही. ढोंगी निघाला. तुमच्याकडची सगळ्यात लवकरची तारीख द्या."