मामांची रायफल आणि मोहरीची उशी

मागच्या वर्षी सलग तीन शनिवार मी हरीण होतो.

इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये, मामांच्या मागच्या गार्डनमध्ये, शेडच्या शेजारी, मान वळवून आणि एक पाय उचलून. नकला करायची खोड मला चाळीसगावच्या शाळेपासूनची. तिथे हेडसरांची नक्कल करून मार खाल्ला, इथे हरणाची करून सर्दी खाल्ली. समोर पॅटिओवर मामा माझ्यावर नेम धरून उभे. हातात छत्री!

मामा म्हणजे माझ्या बायकोचे, केतकीचे मामा. पस्तीस वर्षं इथे आहेत, त्यामुळे वाक्य ‘लुक हिअर’ने सुरू होतं आणि ‘कळलं का जावईबापू’ने संपतं. त्यांच्याकडे एक शिकारीची रायफल आहे. साठ वर्षांची म्हातारी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, लायसन्स वगैरे सगळं रीतसर. रिटायर झाल्यावर क्लबात जाऊन कागदाच्या टार्गेटवर गोळ्या मारायच्या, एवढाच मामांचा शौक. पण आता मामा बहात्तरचे. हात थरथरतात. मागच्या खेपेला पाच गोळ्या मारल्या आणि कागद जसाच्या तसा परत आला. मामींनी तो घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. (‘कोरा आहे, वाणसामानाची यादी करता येईल.’)

मग मामींनी फर्मान काढलं, "पुढच्या शूटला कागदाला एक, फक्त एक भोक पडलं तर ठेवा ती बया. नाही पडलं तर विकून टाकायची. मला तिचं कपाट हवंय."

आता खरं सांगतो. मी मनातून मामींच्या पार्टीत होतो. आमची लेक तेव्हा दोन महिन्यांची. मी झोप नावाची गोष्ट फक्त इतरांकडून ऐकत होतो. आणि क्लबात जायचं तर मामांना न्यायचं कोणी? मी. सामान उचलायचं कोणी? मी. रायफल गेली की माझी सुटका. इतकं सोपं गणित होतं.

"लुक हिअर," मामा म्हणाले, "हात थरथरतो, नजर नाही. रायफलला फक्त टेकू पाहिजे. पक्का. कळलं का जावईबापू?"

मग टेकूसंशोधन सुरू झालं. मुलीसाठी स्थळं बघताना माणसं इतकी चिकित्सा करत नाहीत! पहिल्या शनिवारी दुकानात बायपॉड बघितला. बंदुकीच्या पुढे लागणारे दोन पाय. दुकानदार म्हणाला, फक्त लाकडात एक छोटा स्क्रू मारावा लागेल.

"स्क्रू?" मामांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं याने मामींनाच भोक पाडायचं म्हटलंय. "अक्रोडाला?"

स्थळ नापसंत. त्या दिवशी सराव नुसत्या छत्रीनेच. दुसऱ्या शनिवारी दोन काठ्यांची घोडी आणली, ती झुलायची. तिसऱ्या शनिवारी चार पायांची आणली. ती उघडायलाच अर्धा तास गेला आणि बंद झाली तेव्हा माझं बोट आत होतं. या सगळ्याचा सराव छत्रीवर, नेमाला हरीण म्हणून मी, कारण गार्डनमध्ये रायफल काढली असती तर अख्खी गल्ली पोलिसांनी भरली असती. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून एकदाच विचारलं, "एक्स्पेक्टिंग रेन, आर वी?" माझ्या उचललेल्या पायाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. इंग्रज माणूस!

शूट शुक्रवारी होतं. मी रजा टाकली. (झोपायला ठेवलेली रजा!) निघताना सासूबाई दारात. त्या नाशिकहून बाळंतपणासाठी आल्या होत्या आणि बॅगेतून मोहरीची उशी घेऊन आल्या होत्या. आपल्याकडे तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी ठेवतात, तीच. पण इथली हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ तपासायला घरी येणारी सरकारी नर्स, म्हणते, बाळाच्या कॉटमध्ये उशी अजिबात नको. केतकीचंही तेच म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं, "मग इथल्या लोकांची डोकी बघा एकदा."

त्या दिवशी ती व्हिजिटर यायची होती. सासूबाईंनी उशी टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात कोंबली.

"जावईबापू, ही तुमच्या गाडीच्या डिकीत ठेवा. तिला दिसता कामा नये. आणि दुपारी जशीच्या तशी परत आणा."

क्लबात पोचलो तर पाऊस पडून गेलेला, वाटेभर चिखल, नेमबाजीच्या जागेवर ओलं काँक्रीट. गोळीबारावर देखरेख करणारा रेंज ऑफिसर कॉलिन, सहा फूट उंच, आवाज असा की कुजबुजला तरी बदकं उडावीत. मामांनी चार पायांची घोडी लावली, रायफल ठेवली. हात थरथरायला लागले, हातांबरोबर घोडी थरथरायला लागली, आणि आता चार पायांनी थरथरायला लागली!

ठो! कॉलिनने दुर्बिणीतून बघितलं. "नॉट ऑन द पेपर, आय’म अफ्रेड."

मग मामा टेबलाशी बसले. क्लबची वाळूची पिशवी घेतली. ती पावसात भिजून दगड झालेली. ठो! रायफल टुणकन उडाली.

"नॉट ऑन द पेपर, आय’म अफ्रेड."

तीन गोळ्या उरल्या. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं, की रायफल गेली, कपाट मामींचं, शुक्रवार माझा. फक्त गप्प बसायचं होतं.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘लुक हिअर’ नाही, काही नाही. हळूच म्हणाले, "जावईबापू, उरलेल्या तुम्हीच मारा. तुमचा दिवस तरी फुकट नको जायला."

झालं! माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं.

"मामा, डिकीत मोहरीची उशी आहे."

"कसली?"

"बाळाची."

मामांनी कॉलिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच ‘जावईबापू’ विसरले. "मग उभा काय राहिलायस गाढवा? पळ!"

उशी टेबलावर ठेवली. मामांनी रायफलचं लाकूड तिच्यावर टेकवलं आणि रायफल अशी रुतून बसली, जसं तान्ह्या बाळाचं डोकं. हलणं नाही, डुलणं नाही. फुलाफुलांचं कापड, वर रायफल.

ठो!

कॉलिन बराच वेळ दुर्बिणीत. "गुड लॉर्ड. इन द ब्लॅक."

म्हणजे कागदाच्या मधल्या काळ्या वर्तुळात! ठो! त्याच्याच शेजारी. मामांचे कान लाल झाले. ठो! तिसरीही काळ्यात, आणि त्याच क्षणी उशीची शिवण उसवली.

ओल्या काँक्रीटवर अर्धा किलो मोहरी सुटली, मंडळी! कॉलिन "स्टॉप! स्टॉप!" ओरडत पुढे आला आणि दोन्ही पाय दोन दिशांना पाठवून खाली बसला. शेजारच्या टेबलांवरच्या सगळ्या बंदुका थांबल्या, रिकाम्या झाल्या, बाजूला ठेवल्या गेल्या. तेवढ्यात कबुतरं आली. आधी दोन, मग सगळं खानदान. रेंजवर पक्षी असताना गोळीबार बंद, असा नियम! मग सात रिटायर्ड इंग्रज गुडघ्यांवर बसले आणि एकमेकांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत मोहरी वेचायला लागले. मी मध्ये बसून त्यांना सांगतोय की खडे वेगळे काढा.

आणि फोन वाजला. सासूबाई.

"ती व्हिजिटर गेली हो. उशी आणताय ना?"

मी मामांच्या हातात फोन दिला.

"अगं, लुक हिअर..." एवढंच मामा बोलले. पुढची चार मिनिटं त्यांची धाकटी बहीण बोलली. इतका मार त्या कागदालाही पडला नव्हता.

संध्याकाळी मामांनी कागद मामींसमोर धरला. तीन भोकं. मामींनी तो उजेडाकडे धरून तिन्हीमधून माझ्याकडे बघितलं.

"तीन वर्षं मी ते कपाट रिकामं व्हायची वाट बघत होते," मामी म्हणाल्या. "आणि तू उशी दिलीस?"

"मामी, त्यांचा चेहरा बघवेना."

"मला रोज बघावा लागतो! बरं. रायफल राहिली. पण आता दर महिन्याला यांना तूच न्यायचं."

"दर महिन्याला कशाला?" मामा खूश होऊन म्हणाले. "कॉलिन म्हणाला, रिटायर्ड लोकांसाठी दर शुक्रवारी असतं!"

सोमवारी ऑफिसात मी उरलेली सगळी रजा एकेक शुक्रवार करून टाकली. मॅनेजरने अप्रूव्ह करता करता गोड हसून विचारलं, "गोइंग एनीव्हेअर नाइस?"

म्हटलं, "हो. चिखलात."